विश्लेषण : रांजणातला चोर ते ‘मदर इंडिया’चा दिग्दर्शक… ‘एक्स्ट्रा’ म्हणून आलेल्या मेहबूब खान यांनी हिंदी चित्रपट कसा घडवला?

सिनेमाच्या वेडाने मुंबईत आलेला एक मुलगा आधी घोड्यांच्या तबेल्यात काम करतो, तिथून स्टुडिओत शिरतो आणि गर्दीत उभे राहण्याचे काम मिळवतो. पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक होण्याची संधी त्याच्या दाराशी येते आणि परत जाते. पुढे हाच मुलगा ‘अंदाज’, ‘आन’ आणि ‘मदर इंडिया’ बनवतो, मुंबईत स्वतःचा स्टुडिओ उभारतो. मेहबूब खान यांचा हा प्रवास एखाद्या पटकथेसारखा वाटतो. पण त्यात नशिबापेक्षा वाट पाहण्याचा आणि पाहून शिकण्याचा वाटा मोठा होता.

मेहबूब खान कोण होते?

मेहबूब खान रमजान खान यांचा जन्म ९ सप्टेंबर १९०७ रोजी बिलिमोरा येथे झाला. आज गुजरातमधील नवसारी जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा बडोदा संस्थानात होते. घरची परिस्थिती बेताची आणि शिक्षण नावापुरते. लिहिण्या-वाचण्याची अडचण त्यांना पुढेही राहिली. हिंदी चित्रपटातील एक मोठा दिग्दर्शक पटकथा वाचण्यापेक्षा ऐकणे पसंत करत असे, यामागे हेही एक कारण होते.

मुंबईपासून बिलिमोरा रेल्वेच्या एका सरळ मार्गावर आहे. १९२०च्या दशकात मुंबईत मूकपटांचे कारखानेच सुरू झाले होते आणि त्यांची चित्रे लहान गावांपर्यंत पोहोचत होती. पडद्यावर तलवार चालवणारा, घोडा उधळणारा नायक पाहून आपणही तिथे असावे असे वाटणारी मुले गावोगावी होती. मेहबूब त्यांपैकी एक. किशोरवयातच ते घर सोडून मुंबईला पळाले आणि घरच्यांनी त्यांना परत नेले, असे त्यांच्या आयुष्याविषयी सांगितले जाते. लवकरच लग्न लावून देण्यात आले. संसार मागे लागला की सिनेमाचे खूळ उतरेल, हा त्या काळातला नेहमीचा हिशेब होता. तो चुकला.

तबेल्यातून स्टुडिओत प्रवेश कसा मिळाला?

त्या काळी चित्रपटात काम मिळवण्याचा कोणताही ठरलेला मार्ग नव्हता. सिनेमा शिकवणारी संस्था नव्हती. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली. स्टुडिओच्या फाटकावर पहारेकरी असे आणि आत जायचे तर आतल्या कोणाची तरी ओळख लागे. नाटक कंपन्यांतून आलेले नट, पैलवान, गाणारे आणि नाचणारे यांना मागणी होती. बिलिमोऱ्याहून आलेल्या अनोळखी मुलाला कोण विचारणार?

मेहबूब यांना वाट सापडली ती बाजूच्या दाराने. मूकपटांच्या काळात पोशाखी आणि साहसपट जोरात होते. राजपुत्र, डाकू, सरदार, लढाया असा त्यांचा मसाला असे आणि त्यासाठी घोडे लागत. चित्रपटांना घोडे पुरवणारे आणि निर्मितीतही असलेले नूर महंमद शिप्रा यांच्या तबेल्यात मेहबूब घोड्यांना नाल ठोकण्याचे काम करू लागले, असे सांगितले जाते. घोडा चित्रीकरणाला निघाला की त्याच्याबरोबर माणूसही जाणार. ज्या फाटकातून चाहत्याला हाकलले जायचे, त्याच फाटकातून घोड्याबरोबर आलेल्या माणसाला कोणी अडवत नसे.

एकदा आत गेल्यावर त्यांनी परत फिरायचे नाही असे ठरवले. चित्रीकरणाच्या जागी रेंगाळणे, पडेल ते काम करणे, कोणी गर्दीत उभे राहायला सांगितले तर उभे राहणे असे करत ते अर्देशीर इराणी यांच्या इम्पिरियल फिल्म कंपनीत पोहोचले. १९२६ साली सुरू झालेली ही कंपनी त्या वेळी मुंबईतील मोठ्या चित्रसंस्थांपैकी एक होती.

‘एक्स्ट्रा’ म्हणजे नेमके काय?

दरबारात मान खाली घालून उभे असलेले दरबारी, बाजारात फिरणारी माणसे, लढाईत पडणारे सैनिक, नायकाच्या मागे धावणारी टोळी, या सर्वांना तेव्हा ‘एक्स्ट्रा’ म्हणत. आज त्यांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हटले जाते आणि त्यांच्या संघटना, ओळखपत्रे, ठरलेले दर असतात. त्या काळी यातले काही नव्हते. स्टुडिओ आपल्या माणसांना पगारावर ठेवत आणि गरज पडली की बाहेरून माणसे गोळा केली जात. नाव श्रेयनामावलीत येत नसे. चेहरा दिसला तर दिसला.

काम तसे कंटाळवाणे. मूकपटांचे चित्रीकरण प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. चंदेरी पत्र्यांनी ऊन परावर्तित करून नटांच्या चेहऱ्यावर पाडले जाई. ढग आले की काम थांबे. गर्दीतल्या माणसाला अंगावर जड कपडे, दाढी-मिशा चढवून तासन् तास बसून राहावे लागे. बहुतेक जण हा वेळ झोपण्यात किंवा पत्ते कुटण्यात घालवत.

पण ज्याला शिकायचे होते त्याच्यासाठी हीच शाळा होती. कॅमेरा कुठे ठेवला, उन्हाची दिशा बदलल्यावर काय केले, गर्दी कशी हलवली, नटाकडून एकच गोष्ट दहा वेळा कशी करून घेतली, हे सगळे गर्दीतल्या माणसाला समोर दिसत असे. मेहबूब यांचे शिक्षण इथे झाले. पुढे त्यांच्या चित्रपटांत माणसांचे मोठे समूह ज्या सहजतेने हलतात, त्याचे मूळ या दिवसांत शोधता येते.

रांजणातला चोर ही गोष्ट काय आहे?

मेहबूब यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी सर्वाधिक सांगितले जाणारे काम म्हणजे १९२७ सालचा मूकपट ‘अलिबाबा और चालीस चोर’. या गोष्टीत चोर तेलाच्या रांजणांत लपून अलिबाबाच्या घरात शिरतात. त्या चाळीस चोरांपैकी एक मेहबूब होते. म्हणजे ज्याला पडद्यावर दिसायचे होते, त्याच्या वाट्याला रांजणात लपण्याची भूमिका आली.

त्यानंतर लहानमोठी कामे मिळत गेली. गर्दीतून दुय्यम भूमिका, दुय्यम भूमिकेतून थोडी मोठी, असा हा प्रवास संथ होता. नायक होण्याची इच्छा मात्र कायम होती.

‘आलम आरा’ची संधी का हुकली?

१९३०च्या सुमारास इम्पिरियलचे अर्देशीर इराणी यांनी भारतातील पहिला बोलपट काढण्याचे ठरवले. ‘आलम आरा’च्या नायकासाठी त्यांच्या मनात मेहबूब यांचे नाव होते. चाळीस चोरांतला एक अनामिक चोर देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक होणार होता.

पण बोलपट हा मोठा जुगार होता. यंत्रे नवी, तंत्र अपरिचित, प्रेक्षक काय म्हणतील याची खात्री नाही. अशा वेळी नायकही नवखा घेणे परवडणारे नव्हते. इराणी यांनी विचार बदलला आणि मास्टर विठ्ठल यांना घेतले. मूळ कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले विठ्ठल तेव्हा साहसपटांचे सर्वांत लोकप्रिय नायक होते. त्यांच्यासाठी इराणी यांनी कोर्टकचेरीचीही तयारी ठेवली. विठ्ठल शारदा स्टुडिओशी करारबद्ध होते. त्यांनी करार मोडल्याचा दावा न्यायालयात गेला आणि बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी विठ्ठल यांची बाजू मांडली.

गंमत अशी की, विठ्ठल यांची उर्दू कच्ची होती. बोलपटाच्या नायकाला बोलण्याचीच अडचण असल्याने अनेक प्रसंगांत त्यांना अर्धवट शुद्धीत दाखवावे लागले. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. मेहबूब यांचे नाव त्या इतिहासात नायक म्हणून नोंदले गेले नाही. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही.

ही संधी का हुकली, याचे उत्तर सरळ होते. अभिनयात कमी पडले म्हणून नव्हे, तर नाव नव्हते म्हणून. ‘एक्स्ट्रा’चा सर्वांत मोठा तोटा हाच असतो. त्याने कितीही चांगले काम केले तरी तिकीट त्याच्या नावावर विकले जात नाही.

कॅमेऱ्यामागे कसे गेले?

इम्पिरियलशी संबंधित असलेल्या सागर फिल्म कंपनीत मेहबूब दाखल झाले. चिमणलाल देसाई आणि अंबालाल पटेल यांच्या या कंपनीच्या ‘मेरी जान’, ‘दिलावर’ अशा १९३१च्या बोलपटांत त्यांनी भूमिका केल्या. ‘मेरी जान’चे नायक होते मास्टर विठ्ठल. ज्यांच्यामुळे संधी गेली, त्यांच्याच चित्रपटात मेहबूब दुय्यम भूमिकेत होते.

नायकपद येत नाही हे दिसू लागले, तसे त्यांचे लक्ष दुसरीकडे वळले. त्यांच्या डोक्यात कथा होत्या आणि त्या रंगवून सांगण्याची हातोटी होती. १९३५ साली सागरने त्यांना पहिल्यांदा दिग्दर्शनाची संधी दिली. चित्रपट होता ‘जजमेंट ऑफ अल्लाह’ अर्थात ‘अल हिलाल’. हॉलीवूडच्या भव्य ऐतिहासिक चित्रपटांचा प्रभाव असलेल्या या पोशाखी चित्रपटात लढाया होत्या, गर्दी होती. ती कशी हाताळायची, हे त्यांना आतून माहीत होते. या चित्रपटाचे छायाचित्रकार फरिदून इराणी पुढे अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. चित्रपटसृष्टीत इतकी दीर्घ साथ क्वचितच आढळते.

त्यानंतर ‘डेक्कन क्वीन’, ‘मनमोहन’, ‘जागीरदार’, ‘एक ही रास्ता’ असे चित्रपट आले. १९४० साली त्यांनी आणखी एक चित्रपट दिग्दर्शित केला. त्याचे नाव होते ‘अलिबाबा’. तेरा वर्षांपूर्वी याच गोष्टीत रांजणात बसलेला माणूस आता कॅमेऱ्यामागे उभा राहून चोरांना कुठे लपायचे हे सांगत होता.

त्यांच्या चित्रपटांत गरीब माणूस केंद्रस्थानी का आला?

‘अलिबाबा’च्याच वर्षी, १९४० साली, त्यांचा ‘औरत’ प्रदर्शित झाला. सावकाराच्या कर्जात पिचलेली, नवरा गमावलेली, मुलांना एकटीने वाढवणारी शेतकरी स्त्री ही त्याची नायिका. ही भूमिका सरदार अख्तर यांनी केली. पुढे १९४२ मध्ये त्यांच्याशी मेहबूब यांचा विवाह झाला. त्याच वर्षीच्या ‘रोटी’ने पैशाच्या हव्यासावर थेट प्रहार केला.

पुढे स्वतःची ‘मेहबूब प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढल्यावर त्यांनी बोधचिन्ह म्हणून विळा-हातोडा निवडला. पण त्याबरोबर ऐकू येणाऱ्या उर्दू ओळींचा आशय माणसाचे भले-बुरे देवाच्या इच्छेवर असते असा होता. ते पाच वेळा नमाज पढणारे श्रद्धावान होते आणि कोणत्याही पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. विळा-हातोड्याचा त्यांच्यापुरता अर्थ कष्टकऱ्यांची अवजारे एवढाच असावा. स्वतः नाल ठोकण्यासाठी हातोडा उचललेल्या माणसाला ते चिन्ह जवळचे वाटले, तर नवल नाही.

नवख्यांना संधी देण्यात ते पुढे का होते?

नाव नसल्यामुळे नायकपद गमावलेल्या या माणसाने दिग्दर्शक झाल्यावर नवख्या चेहऱ्यांवर अनेकदा डाव लावला. १९४३च्या ‘तकदीर’मध्ये त्यांनी किशोरवयीन नर्गिस यांना नायिका केले. ‘आन’साठी (१९५२) नादिरा या नवोदित अभिनेत्रीला गर्विष्ठ राजकन्येची प्रमुख भूमिका दिली. हा रंगीत चित्रपट १६ मिमी फिल्मवर चित्रित करून टेक्निकलरमध्ये मोठा करण्यात आला होता आणि लंडनमध्येही प्रदर्शित झाला. एवढ्या खर्चिक चित्रपटात नवी नायिका घेणे हे धाडस होते. ‘आलम आरा’च्या वेळी इराणी यांनी जे टाळले, ते मेहबूब यांनी केले.

याचा अर्थ ते मोठ्या नटांना टाळत होते असे नाही. ‘अनमोल घडी’त (१९४६) नूरजहाँ, सुरेंद्र आणि सुरैया एकत्र होते. ‘अंदाज’ (१९४९) हा दिलीप कुमार आणि राज कपूर यांचा एकमेव एकत्र चित्रपट.

सर्वांत बोलके उदाहरण ‘मदर इंडिया’चे आहे. लहानपणीच्या बिरजूसाठी त्यांनी साजिद खान या मुंबईच्या गरीब वस्तीतून आलेल्या मुलाला निवडले. पुढे मेहबूब आणि सरदार अख्तर यांनी त्याला दत्तक घेतले आणि ‘सन ऑफ इंडिया’मध्ये (१९६२) तोच मुख्य भूमिकेत होता.

‘मदर इंडिया’त गर्दी इतकी महत्त्वाची का?

‘मदर इंडिया’ ही ‘औरत’चीच नव्याने सांगितलेली गोष्ट. सतरा वर्षांनी, रंगात आणि स्वतंत्र भारतात. सावकार सुखीलालाची भूमिका दोन्ही चित्रपटांत कन्हैयालाल यांनीच केली. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या सुमारास, मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात तो झळकला. काही भाग स्टुडिओत तर काही गुजरात, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील गावांत चित्रित झाला.

या चित्रपटात गाव हेच एक पात्र आहे. पुरानंतर गाव सोडून निघालेल्या लोकांच्या प्रसंगासाठी सुमारे ३०० बैलगाड्या आणि २०० शेतकरी वापरल्याचे सांगितले जाते. राधाच्या विनवणीनंतर गावकरी परततात आणि पिकाच्या राशींभोवती त्यांच्या रांगांतून भारताचा नकाशा तयार होतो, ते दृश्य अनेकांच्या लक्षात आहे. या दृश्यांत कोणाचेही नाव नाही, कोणाच्याही तोंडी संवाद नाही. तरी त्यांच्याशिवाय चित्रपटाला अर्थ राहत नाही. गर्दी म्हणजे नायकामागची भिंत नव्हे, हे गर्दीतून आलेल्या दिग्दर्शकाला सांगावे लागले नाही.

ऑस्करमध्ये काय झाले?

परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा ‘मदर इंडिया’ हा पहिला भारतीय चित्रपट. परदेशी पाठवलेल्या प्रतीतून विळा-हातोड्याचे बोधचिन्ह काढण्यात आले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत त्याचा भलता अर्थ निघाला असता. १९५८ मधील सोहळ्यासाठी मेहबूब स्वतः गेले. पुरस्कार फेडेरिको फेलिनी यांच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ला मिळाला. ‘मदर इंडिया’ अवघ्या एका मताने हुकल्याचे सांगितले जाते.

दुसऱ्यांदा मोठी संधी अगदी जवळ येऊन गेली. मात्र या वेळी ते अनामिक नव्हते. फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री, छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण असे पाच पुरस्कार चित्रपटाने मिळवले. छायाचित्रणाचा पुरस्कार अर्थातच फरिदून इराणी यांचा.

मेहबूब स्टुडिओ आणि अखेरची वर्षे कशी होती?

१९५४ साली मेहबूब यांनी वांद्र्यात हिल रोडलगत मेहबूब स्टुडिओ सुरू केला. ज्याला एके काळी स्टुडिओच्या फाटकातून आत जाण्यासाठी घोड्याची सोबत लागली, त्याचे आता स्वतःचे फाटक होते. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अखेरचा काळ मात्र सोपा नव्हता. ‘सन ऑफ इंडिया’ अपयशी ठरला. काश्मीरची कवयित्री हब्बा खातून हिच्या जीवनावर चित्रपट काढण्याची त्यांची इच्छा अपूर्ण राहिली. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, मेहबूब यांनी जगाचा निरोप घेतला. वय अवघे ५६. देश नेहरूंच्या शोकात बुडालेला असल्याने त्यांचे जाणे तुलनेने कमी लोकांच्या ध्यानात राहिले. मरिन लाइन्स येथील बडा कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. २००७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आजच्या काळात या गोष्टीचे महत्त्व काय?

सिनेमाच्या ओढीने मुंबईत येणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही. चित्रीकरण सुरू असले की आजही बघ्यांची गर्दी जमते आणि त्यातल्या एखाद्याला आत शिरावेसे वाटते. मेहबूब यांची गोष्ट अशांना नेहमी सांगितली जाते, पण बऱ्याचदा अर्धवट. आत शिरणे हा तिचा सोपा भाग होता. रांजणातल्या चोरापासून पहिल्या दिग्दर्शनापर्यंत आठ वर्षे गेली आणि त्यात जे व्हायचे होते, म्हणजे नायक, ते मेहबूब कधीच झाले नाहीत. नायक होण्याचा हट्ट सोडून आपल्याला खरे काय येते, हे त्यांनी ओळखले.

त्यांच्याबरोबर त्या मूकपटात आणखी ३९ चोर होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. मेहबूब यांच्या यशाइतकीच ही बाबही हिंदी चित्रपटाच्या इतिहासाचा भाग आहे. त्यामुळेच कदाचित त्यांच्या चित्रपटांत मागे उभ्या असलेल्या माणसांकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा वळत राहिला.